योसेमिटीचा मिस्ट ट्रेल: उन्हाळ्यातल्या गर्दीत व्हर्नल फॉल गाठायचा कसा

मे महिना लागला की सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या मराठी घरांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. भारतातून आईबाबा येतात आणि आल्यावर त्यांना कॅलिफोर्नियातलं योसेमिटी नॅशनल पार्क दाखवायचं असतं. मग शनिवारी सकाळी आठला सगळे आवरून निघतात, दुपारी साडेबाराला दरीत पोचतात, दोन तास पार्किंग शोधतात आणि गाडीच्या खिडकीतून धबधबे बघून परत येतात. हे टाळायचं असेल, आणि निदान एक धबधबा स्वतःच्या पायांनी गाठायचा असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. धबधबा आहे व्हर्नल फॉल आणि तिथं जाणारी वाट म्हणजे मिस्ट ट्रेल.

योसेमिटीत वर्षाला साधारण ४० लाख लोक येतात. त्यातले बहुतेक मे ते ऑक्टोबरमध्येच येतात आणि त्यातलेही बरेचसे जेमतेम सात मैल लांबीच्या दरीत, म्हणजे योसेमिटी व्हॅलीत, दाटीवाटीने फिरत असतात. मिस्ट ट्रेल ही तिथल्या सर्वांत गजबजलेल्या वाटांपैकी एक. चढ आहे, दम लागतो, पण बहुतेक मंडळींचा दिवस उशिरा निघाल्यामुळे बिघडतो. चढाचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून या लेखात चालण्याआधीच्या तयारीबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

आधी तारीख ठरवा

आपल्या डोक्यात धबधबा म्हटलं की पाऊस. जून कोरडा गेला तर सह्याद्रीत धबधबे नाहीत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कुठेही बघा, पाणीच पाणी. योसेमिटी ज्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत आहे तिथं गणित उलटं आहे. तिथं उन्हाळ्यात पाऊस नावालाच पडतो. धबधब्यांचं पाणी येतं ते हिवाळ्यात साचलेल्या बर्फातून. ऊन तापलं की बर्फ वितळतो आणि मे-जूनमध्ये नद्या फुगतात. जुलै संपता संपता ओघ उतरायला लागतो. २४२५ फुटांचा प्रसिद्ध योसेमिटी फॉल ऑगस्टमध्ये अनेकदा चक्क कोरडा पडतो आणि भारतातून आलेले पाहुणे ओल्या डागाचा फोटो काढून परततात.

व्हर्नल फॉलचं तसं नाही. तो मर्सेड नदीवर आहे आणि ती उंच सिएरातून येते, त्यामुळे तो बारा महिने वाहतो. त्याचं रूप मात्र महिन्यागणिक बदलतं. जूनच्या सुरुवातीला ३१७ फुटांचा हा धबधबा कड्याच्या पूर्ण रुंदीने कोसळतो आणि वाटेवरची माणसं नखशिखांत भिजतात. ऑगस्टच्या शेवटी त्याच्या दोन-तीन धारा उरतात, पायऱ्या कोरड्या असतात आणि मिस्ट ट्रेलमधलं मिस्ट शोधावं लागतं.

माझं मत विचाराल तर सोबत फक्त धडधाकट मंडळी असतील तर जूनचा दुसरा पंधरवडा आणि मंगळवार ते गुरुवारमधला एखादा दिवस निवडावा. लहान मुलं किंवा गुडघे कुरकुरणारे आईबाबा असतील तर ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर बरा: पाणी कमी, निसरडं कमी आणि कॅलिफोर्नियातल्या शाळा सुरू झाल्यामुळे गर्दीही थोडी ओसरलेली. मेमोरियल डे (मेचा शेवट), चार जुलै आणि लेबर डे (सप्टेंबरची सुरुवात) यांच्या सुट्ट्या मात्र कुणीही निवडू नयेत. त्या दिवसांत योसेमिटी म्हणजे गणपती विसर्जनाच्या संध्याकाळचा लक्ष्मी रोड.

वणव्यांचीही एक धास्ती असते. २०१८च्या उन्हाळ्यात फर्ग्युसन वणव्यामुळे व्हॅली ऐन हंगामात जवळपास तीन आठवडे बंद होती. वणवा लांब असला तरी धूर दरीत साठून राहतो. दमा असलेलं कुणी सोबत असेल तर निघायच्या आदल्या दिवशी हवेची गुणवत्ता बघायला विसरू नका. हॉटेलचं बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या.

प्रवेश: आरक्षण, फी आणि पाहुण्यांचं वेगळं गणित

गर्दीच्या महिन्यांत गाडी आत न्यायला वेळेचं आरक्षण लागतं का, याचं उत्तर दरवर्षी बदलतं. २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये लागत होतं, २०२३ मध्ये नव्हतं, २०२४ आणि २०२५ मध्ये ठरावीक दिवसांसाठी पुन्हा आलं. त्यामुळे मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राचं ऐकून निघू नका. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या योसेमिटीच्या पानावर चालू वर्षाचा नियम स्पष्ट लिहिलेला असतो. आरक्षण लागत असेल तर ते 'रिक्रिएशन डॉट गव्ह' या सरकारी साइटवर मिळतं, दुसरीकडे कुठेही पैसे भरू नका.

आरक्षण आणि प्रवेश फी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका गाडीची फी ३५ डॉलर आणि ती सात दिवस चालते. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीचा ८० डॉलरचा वार्षिक पास वर्षातून तीन पार्कं केली तरी वसूल होतो. गेटवर रोख पैसे घेत नाहीत, कार्ड ठेवा.

आता पाहुण्यांचा मुद्दा, कारण आपल्याकडे तो हमखास असतो. २०२६च्या सुरुवातीपासून अमेरिकेबाहेरच्या पर्यटकांसाठी वेगळे दर लागू झाले आहेत. योसेमिटीसह ११ गर्दीच्या पार्कांत १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या परदेशी पर्यटकाला नेहमीच्या फीखेरीज माणशी १०० डॉलर पडतात, आणि त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. आई आणि बाबा दोघेही व्हिजिटर व्हिसावर असतील तर हा आकडा लहान नाही. जायच्या आधी पार्कच्या साइटवर नियम नीट वाचून कुठला पर्याय स्वस्त पडतो ते बघा. तुमच्याजवळ पास असेल तर सोबत सरकारी फोटो ओळखपत्रही हवं.

गाडी न्यायचीच नसेल तर 'यार्ट्स'ची बस आहे. मर्सेड, मॅरिपोसा, फ्रेस्नो अशा गावांतून ती थेट व्हॅलीत सोडते. पार्किंगची कटकट नाही. पाच-सहा जणांच्या कुटुंबाला ती गाडीपेक्षा महाग पडते हे खरं, पण एकटे किंवा दोघं असाल तर जरूर विचार करा.

कोण कुठपर्यंत जाणार, हे घरीच ठरवा

मिस्ट ट्रेलची एक चांगली गोष्ट म्हणजे तिच्यावर थांबायला तीन चांगल्या जागा आहेत. ग्रुपमधल्या प्रत्येकाने शेवटपर्यंत गेलंच पाहिजे असं काही नाही.

पहिली जागा व्हर्नल फॉलच्या खालचा लाकडी पूल. जाऊन-येऊन १.६ मैल आणि चढ ४०० फूट. ऐकायला किरकोळ, पण वाट पक्की असली तरी बऱ्यापैकी खडी आहे आणि ऊन अंगावर येतं. पुलावरून समोर धबधबा दिसतो. रोज सकाळी फिरायला जाणारे सत्तरीचे बाबा इथपर्यंत थांबत थांबत आरामात येतात.

दुसरी जागा व्हर्नल फॉलचा माथा. जाऊन-येऊन २.४ मैल आणि चढ १००० फूट. अंतर फार वाढत नाही, पण पुलानंतरच्या टप्प्यात ग्रॅनाइटच्या ६०० हून जास्त पायऱ्या आहेत. पर्वती सलग सहा वेळा चढल्यासारखं समजा, त्यात पायऱ्या ओल्या, एकसारख्या नसलेल्या आणि काही तर गुडघ्याएवढ्या उंच. तीन तास धरून चाला.

तिसरी जागा ५९४ फुटांच्या नेवाडा फॉलचा माथा. ५.४ मैल, २००० फूट चढ, पाच ते सहा तास. ही पूर्ण दिवसाची हाइक आहे. सकाळी सातच्या आत पायवाटेला लागला नसाल तर तिचा नाद सोडा.

नव्या माणसाने पहिल्यांदा व्हर्नलचा माथा धरावा. नेवाडा अप्रतिम आहे, तिथं गर्दीही बरीच कमी असते, पण पहिल्याच फेरीत दोन्ही उरकायच्या नादात लोक उतरताना लटपटत्या पायांनी घसरतात. घसरायची जागा म्हणून ही वाट अजिबात चांगली नाही.

सॅकमध्ये काय

पाणी सगळ्यांत आधी. व्हर्नलपर्यंत माणशी दोन लिटर, नेवाडाला तीन. दरीत जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३२ अंशांवर सहज जातो आणि हवा कोरडी असल्यामुळे घाम येतोय हे कळतच नाही. मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्यांची इथं फसगत होते: अंग कोरडं, तहान नाही आणि तासाभराने डोकं दुखायला लागतं. उन्हाळ्यात पुलापाशी पिण्याच्या पाण्याचा नळ असतो, तिथं बाटल्या भरून घ्या. त्यापुढे शुद्ध पाणी नाही. नदीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळल्याशिवाय पिऊ नका, पोटाचे रोग होतात. सोबत ओआरएसची दोन पाकिटं टाका. भारतातून येणाऱ्या आईच्या बॅगेत ती बहुतेक असतातच.

बूट तळाला खाच असलेले. गुळगुळीत झालेले स्पोर्ट्स शूज, फ्लिप-फ्लॉप, चपला आणि कितीही महागडे असले तरी पांढरे स्नीकर्स घरी ठेवा. या पायऱ्या लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झाल्या आहेत आणि त्यावर सतत पाण्याचा फवारा असतो.

कपडे सुती नकोत. जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही. पटकन वाळणारी पँट, वर टी-शर्ट आणि सॅकमध्ये पातळ रेनकोट किंवा दोन डॉलरचा प्लास्टिकचा पॉन्चो. आई पंजाबी ड्रेसमध्ये असेल तर काही बिघडत नाही, ओढणी मात्र गाडीत राहू दे. छत्री नको म्हणजे नको. अरुंद पायऱ्यांवर चाळीस माणसं वर आणि चाळीस खाली जात असतात. तिथं उघडलेली छत्री वाऱ्याने उलटी होते, आणि त्याआधी कुणाच्या तरी डोळ्यात जाते.

फोनसाठी झिप लॉकची पिशवी, चष्मा असेल तर पुसायला कोरडं फडकं, टोपी, सनस्क्रीन. गुडघ्यांची तक्रार असेल तर ट्रेकिंग पोल. रोजच्या गोळ्या, आणि शुगर असलेल्यांसाठी खिशात चटकन काढता येईल असं गोड काहीतरी.

खाणं खारट असू द्या: दाणे, चिवडा, ठेपले. ठेपले चार दिवस टिकतात, चुरा होत नाहीत आणि हात फार तेलकट करत नाहीत. मात्र एक खबरदारी घ्या. व्हर्नलच्या माथ्यावरच्या खारी हा दरोडेखोरांचा तळ आहे. त्या माणसाला भीत नाहीत. सॅक कातळावर ठेवून तुम्ही फोटोला वळलात की एक जण समोर येऊन गोड चेहरा करते आणि दुसरी मागून कप्प्याच्या कोपऱ्याला दात लावते. बंद चेनवरून त्यांना भाकरवडीचा वास लागतो. सॅक पाठीवरच ठेवा आणि मुलांनी कितीही हट्ट केला तरी एक दाणासुद्धा घालू नका. प्राण्यांना खायला घालणं इथं बेकायदा आहे, त्या चावतात, आणि या भागातल्या उंदीर-खारींमध्ये प्लेगचे जंतू सापडलेले आहेत.

पहाटेचं वेळापत्रक

बे एरियातल्या फ्रीमाँट किंवा सनीव्हेलहून व्हॅली साधारण चार तास. त्याच दिवशी निघून सकाळी सातला पोचायचं तर मध्यरात्रीनंतर तीनला गाडी काढावी लागते आणि चालवणाऱ्याचे हाल होतात. त्यापेक्षा आदल्या रात्री पार्कबाहेरच्या ग्रोव्हलँड किंवा मॅरिपोसा गावात मुक्काम करा. दोन्हींपासून व्हॅली साधारण तासाभरावर. पार्कच्या आतल्या कॅम्पसाइटचं बुकिंग कित्येक महिने आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं, नव्या माणसाने त्यावर विसंबून राहू नये.

पेट्रोल पार्कबाहेरच भरून घ्या. व्हॅलीत पंप नाही. रस्त्यावर मोबाइलची रेंजही जाते-येते, म्हणून नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. निघायच्या आधी 'सगळ्यांचे मेसेज बघून झाले का' असं एकदा विचारा, म्हणजे नंतर कुणी रेंज शोधत कड्यापाशी जाणार नाही.

सातच्या सुमारास व्हॅलीत असलात की करी व्हिलेजजवळचं पार्किंग किंवा त्यापुढचं ट्रेलहेड पार्किंग मिळायची चांगली शक्यता असते. तिथून हॅपी आइल्सला चालत पंधरा-वीस मिनिटं, नाहीतर मोफत शटल. हॅपी आइल्सचा शटलथांबा १६ नंबरचा आणि ट्रेल तिथूनच सुरू होतो. साडेआठ-नऊनंतर आलात तर जिथे पहिली जागा दिसेल तिथे गाडी लावा आणि शटलने या. 'पुढे अजून चांगली मिळेल' म्हणून पुढे गेलेली गाडी व्हॅलीतल्या एकदिशा रस्त्यावरून पूर्ण चक्कर मारून तासाभराने त्याच जागी येते, आणि तोवर ती जागा गेलेली असते.

गाडीतलं खाणं झाकून, नजरेआड ठेवा आणि काचा पूर्ण बंद करा. अस्वलं गाडीचं दार कागदासारखं फाडू शकतात. रात्री तर गाडीत खाणं ठेवायला बंदीच आहे, त्यासाठी लोखंडी फूड लॉकर असतात.

पहाटे उठणं ज्यांना जमतच नाही त्यांच्यासाठी दुसरी एक युक्ती सांगतो. ती फारशी कुणी वापरत नाही. दुपारी तीननंतर आत या. सकाळचे लोक निघायला लागलेले असतात, पार्किंग मोकळं होत असतं. जूनमध्ये सूर्य आठनंतर मावळतो, त्यामुळे साडेतीन-चारला चालायला लागून व्हर्नलचा माथा करून उजेडात परत येता येतं. शिवाय व्हर्नल फॉल पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपार कलली की ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि तुषारांत इंद्रधनुष्य उमटतं. फक्त टॉर्च सोबत ठेवा आणि साडेसहा वाजता असाल तिथून मागे फिरा.

प्रत्यक्ष वाट

पुलापर्यंतचा पहिला टप्पा फसवा आहे. सगळे ताजेतवाने असतात, गप्पा रंगतात आणि पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना धाप लागते. व्हॅली ४००० फुटांवर आहे, म्हणजे जवळपास महाबळेश्वरच्या उंचीवर. त्रास होण्याइतकी ही उंची नाही, पण समुद्रसपाटीवरून कालच आलेल्या माणसाला तिची जाणीव होते. बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. थांबायचं असेल तर वाटेच्या कडेला, आणि चढून येणाऱ्यांना आधी जाऊ द्या.

आपल्या ग्रुपांची एक खोड आहे: तरुण पोरं पुढे, आईबाबा मागे आणि मधले लोक दोन्हीकडे हाका मारत. इथं फोन लागत नाही, हाका पाण्याच्या आवाजात विरतात. म्हणून पुलावर सगळे एकत्र आल्याशिवाय कुणीही पुढे जायचं नाही, हा नियम सकाळीच सांगून ठेवा. पुलापाशी स्वच्छतागृह आहे, ते सगळ्यांनी वापरून घ्या. इथून परतणाऱ्यांनी कुठे आणि किती वाजता भेटायचं तेही इथेच पक्कं करा. हॅपी आइल्सचा शटलथांबा ही भेटायला चुकू न शकणारी जागा.

पूल ओलांडला की थोडं पुढे फाटा लागतो. डावीकडे मिस्ट ट्रेल, उजवीकडे जॉन म्यूर ट्रेल. चढताना डावीकडे वळा. वळणावरून धबधबा आधी कानांवर येतो, मग गालावर बारीक थेंब जाणवतात. रेनकोट इथेच चढवा, पुढे पायऱ्यांवर सॅक उघडायला जागा नाही. मग मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये असाल तर अक्षरशः आडवा पाऊस. वारा पाण्याचा लोट उचलून अंगावर फेकतो, चष्म्यातून काही दिसत नाही, आणि पायाखालच्या काळ्या-करड्या पायरीवरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत असतो. पाऊल पूर्ण टेकवा, टाचेवर भार देऊ नका, पायरीच्या भिंतीकडच्या बाजूने चढा. बर्फाचंच पाणी ते, दोन मिनिटांत हात गार पडतात. आणि पन्नास पावलं वर गेलं की पुन्हा कडक ऊन.

फोटो काढायचा मोह इथे आवरा. मागे रांग असते, आणि फोन हातात असलेल्या माणसाचा एक हात कमी झालेला असतो. शेवटचा टप्पा कड्याला खेटून जातो. तिथं रेलिंग आहे, वाट अरुंद आहे. उंचीची भीती असलेल्यांनी भिंतीकडे बघत सावकाश जावं. मुलांचा हात मोठ्यांनी धरायचा, मुलांनी रेलिंग धरायचं असं नाही.

माथ्यावर: इथे मात्र माझं नीट ऐका

वर सपाट, प्रशस्त कातळ आहे. सगळे बूट काढून पसरलेले असतात, ऊन छान लागतं आणि पाच-दहा पावलांवर नदी संथ, हिरवीगार दिसते. थकलेल्या माणसाला वाटतं, जरा पाय बुडवावेत. नका बुडवू.

त्या संथ पाण्याला एमेरल्ड पूल म्हणतात आणि त्याच्या वर सिल्व्हर एप्रन नावाची गुळगुळीत कातळाची घसरण आहे. दोन्ही ठिकाणी पाण्यात उतरायला बंदी आहे. पाणी वरून शांत दिसतं, खालून ओढ असते. ग्रॅनाइट ओला झाला की साबणासारखा होतो, पकडायला काही नसतं आणि प्रवाहाच्या टोकाला ३१७ फुटांचा कडा आहे. जुलै २०११ मध्ये एका ग्रुपमधले दोन तरुण आणि एक तरुणी रेलिंग ओलांडून पाण्यात उतरले, एकाचा पाय घसरला, धरायला दुसरे गेले आणि तिघेही बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत कड्यावरून वाहून गेले. त्या वर्षी बर्फ भरपूर पडला होता आणि जुलै अर्धा उलटूनही नदी भरून वाहत होती.

आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्याखाली भिजणं हाच सहलीचा अर्थ असतो. तीच सवय इथे जीवावर बेतते. रेलिंगच्या आतच राहा, मुलांना नदीपासून किमान दोन-तीन माणसांच्या अंतरावर बसवा. वर नाही तर खाली पुलापाशीही पाण्यात जाऊ नका, तिथेही खडकांमधून जोराची धार आहे. भिजायची हौस पायऱ्यांवर भागते.

ठेपले खा, अर्धा तास बसा, कचरा पिशवीत भरा. संत्र्याची सालंसुद्धा. ती तिथल्या कोरड्या हवेत लवकर कुजत नाहीत आणि खारींना आमंत्रण देतात.

उतरायचं कुठून

ज्या ओल्या पायऱ्यांनी चढलात त्यांनीच उतरणं हा सगळ्यांत जवळचा मार्ग आहे, पण सकाळी अकरानंतर खालून येणारी रांग इतकी दाट असते की दर चार पायऱ्यांवर थांबावं लागतं, आणि ओल्या पायरीवर उतरणं चढण्यापेक्षा कठीण. पायांत जोर आणि हातात वेळ असेल तर माथ्यावरून थोडं वर चढून क्लार्क पॉइंट गाठा आणि जॉन म्यूर ट्रेलने खाली या. अंतर वाढतं, सुरुवातीला आणखी चढ लागतो, पण वाट रुंद आणि कोरडी आहे. शिवाय क्लार्क पॉइंटच्या आसपास नेवाडा फॉल, लिबर्टी कॅपचा सुळका आणि हाफ डोम या प्रसिद्ध ग्रॅनाइटच्या घुमटाची पाठ एका नजरेत दिसतात. मिस्ट ट्रेलने आला-गेला त्याला हे दृश्य बघायलाच मिळत नाही. जॉन म्यूर ट्रेलवर खेचरांचे तांडे येतात. ते दिसले की बाजूला शांत उभं राहा आणि खेचरवाला सांगेल तिकडे सरका.

नेवाडाला जाणाऱ्यांनी पुढची वाट चढून, माथ्यावर जेवून, उतरताना पूर्ण जॉन म्यूर ट्रेल धरावा. दुपारी आकाशात काळे ढग जमायला लागले तर उघड्या कातळावर थांबू नका, उतरायला लागा. हाफ डोमवर चढायला लावलेल्या लोखंडी केबल्स याच वाटेने पुढे आहेत, पण त्यांना वेगळं परमिट लागतं आणि तो नवख्यांचा विषय नाही.

न चढणाऱ्यांचा दिवस वाया घालवू नका

आजी-आजोबांना गाडीत बसवून ठेवणं हा काही उपाय नव्हे. मोफत शटलने त्यांना लोअर योसेमिटी फॉलला सोडा. तिथं मैलभराची, बहुतांश सपाट, डांबरी वाट आहे आणि जूनमध्ये धबधब्याच्या पायथ्याशी तोंडावर पाणी उडतं. ६२० फुटांच्या ब्राइडलव्हेल फॉलचीही वाट छोटी आहे. सगळे एकत्र असताना, येताना किंवा जाताना गाडीने करा. ऑगस्टमध्ये योसेमिटी फॉल आटलेला असला तर ब्राइडलव्हेल निदान बारीक धारेने तरी भेटतो.

त्यांच्याजवळ पाणी, खाणं, एक जाकीट आणि कागदावर लिहिलेली भेटायची वेळ-जागा द्या. फोनवर विसंबू नका.

परतीचा रस्ता

दुपारी चार ते सहा व्हॅलीतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची लांबच लांब रांग लागते. त्या वेळी गाडीत बसून ताटकळण्यापेक्षा नदीकाठच्या कुरणात चटई टाका, उरलेलं खाणं संपवा आणि साडेसहानंतर निघा. अंधार पडायच्या वेळी हरणं आणि अस्वलं रस्त्यावर येतात. वेगमर्यादा पाळा.

बे एरियाला १२० नंबरच्या रस्त्याने परतत असाल तर ग्रोव्हलँडनंतर प्रीस्ट ग्रेडचा घाट उतरावा लागतो. नकाशा तुम्हाला ओल्ड प्रीस्ट ग्रेडवर घालायला बघेल, कारण ते अंतर कमी आहे. पण तो उतार फार तीव्र आहे, भरलेल्या गाडीचे ब्रेक तापून वास यायला लागतो. उतरताना न्यू प्रीस्ट ग्रेडच धरा, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा आणि दिवसभर चाललेल्या माणसाच्या हाती स्टिअरिंग देऊ नका. जो पुलावरून परतला त्याला चालवू द्या.